रजा मंजूर, माणूस हजर!

'जरा येऊन जाल का?' हे चार शब्द रजेवर असताना फोनवर कधीच ऐकले नाहीत, असा नोकरदार माणूस शोधून सापडणे कठीण. वाक्य मोठे गोड आहे. त्यात हुकूम नाही, विनंती आहे. 'जरा' म्हणजे फार तर तासाभराचे काम. 'येऊन जाल' म्हणजे लगेच परत सोडू. आणि शेवटचा 'का' तर नकाराचीही मुभा देणारा. प्रत्यक्षात तासाचा दिवस होतो, दिवसाचे तीन दिवस होतात, आणि त्या 'का'ला 'नाही' म्हणायची सोय नसते हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक असते. रजेचा अर्ज महिन्यापूर्वी दिलेला असतो. त्यावर साहेबांची सही झालेली असते. हजेरीपटावर नावापुढे 'अ. र.' लिहूनही झालेले असते. तरीही अर्जित रजेवरचा हा गृहस्थ भरलेली बॅग दारात ठेवून नेहमीची लोकल पकडतो. कचेरीत त्याचे स्वागतही होते : "अरे, तुम्ही तर रजेवर होतात ना?"

पूर्वी हे इतके सोपे नव्हते. गणपतीला कोकणातल्या वाडीवर गेलेल्या चाकरमान्याला परत बोलवायचे तर तार करावी लागे. तार तालुक्याच्या पोस्टात यायची, तिथून पोस्टमन व्हाळ ओलांडून वाडीत पोचायचा. तोपर्यंत साहेबांची निकड मुंबईतच कुणीतरी निस्तरलेली असे. शहरातल्या शहरात रजा घेतली तर शेजाऱ्यांचा 'पी. पी.' नंबर कचेरीत दिलेला असे. पण परक्याच्या घरी दिवसातून दोनदा फोन करायला साहेबांनाही संकोच वाटे. अंतर आणि संकोच हे रजेचे दोन राखणदार होते. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात देशातले पहिले मोबाइल संभाषण झाले. जुलै २०१३ मध्ये तार बंद पडली. त्या अठरा वर्षांत हे दोन्ही राखणदार निघून गेले. आज माणूस कुठेही असो, साहेबांच्या बोटाच्या टोकावर असतो. साहेबांच्या खिशात फोन आला, पण संकोच तेवढा आला नाही.

परवानगी की हक्क?

'रजा' हा शब्दच मुळात गमतीचा आहे. अरबीतून फारसीमार्गे तो मराठीत आला. मूळ अर्थ संमती, खुशी. जुन्या मराठीत दरबारातून निघताना लोक रजा मागत, म्हणजे जाण्याची परवानगी मागत. 'राजी' आणि 'राजीनामा' हे शब्दही त्याच मूळ धातूतले. म्हणजे रजा आणि राजीनामा ही एकाच घरातली भावंडे आहेत! नाही म्हणताना नोकरदाराच्या पोटात गोळा का येतो, याचे उत्तर थोडेफार यात असावे. रजा ही साहेबांची मेहेरबानी, दिली तशी ते परत घेऊ शकतात, असे आपल्या मनात कुठेतरी खोल बसले आहे.

पण विश्रांतीचे दिवस या मुलखात मेहेरबानी म्हणून मिळालेले नाहीत. आज आपण चहाच्या कपाबरोबर ही पुरवणी वाचत आहात तो रविवारसुद्धा मागून आणि भांडून मिळवावा लागला. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आठवड्याचे सातही दिवस राबत. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या वतीने साप्ताहिक सुट्टीची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. वर्षाच्या पगारी रजेला मात्र त्यानंतर आणखी काही दशके जावी लागली. फ्रान्ससारख्या देशातही सर्व कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली ती १९३६ साली, मोठ्या संपांनंतर.

कागदावर काय आहे?

आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने हिशेब घालून दिला. वर्षात २४० दिवस काम केले, की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. त्या कायद्यात आणखी एक सुरेख तरतूद होती. चार किंवा अधिक दिवसांच्या रजेवर जाणाऱ्या कामगाराला त्या दिवसांचा पगार रजा सुरू होण्याआधीच द्यायचा. कामगाराने रजेवर जावे, आणि जाताना त्याच्या खिशात पैसे असावेत, एवढा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. नवी कामगार संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात २४० ची अट १८० दिवसांवर आली आहे. दुकाने, कार्यालये यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्यातही वीस दिवसांमागे एक दिवस हाच हिशेब असून ४५ दिवसांपर्यंत रजा साठवता येते. मागितलेली रजा नाकारली, तर ४५ च्या वर गेलेल्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे.

रजा कशी मिळावी आणि नाकारली तर काय, हे या कायद्यांना ठाऊक आहे. मंजूर झालेल्या, सुरूही झालेल्या रजेतून माणसाला उचलून आणले तर काय, हा प्रश्न मात्र बव्हंशी नियुक्तिपत्राच्या बारीक टायपावर आणि साहेबांच्या स्वभावावर सोडून दिलेला असतो. शिवाय ज्यांना आपण व्यवस्थापक, पर्यवेक्षक म्हणतो त्यांतले बरेचसे 'कामगार' या व्याख्येतच बसत नाहीत. आणि रजेवरून बोलावणे येते ते नेमके त्यांनाच सर्वाधिक.

या बाबतीत सरकारी नियम अधिक स्पष्ट आहेत. केंद्र सरकारचे १९७२ चे रजा नियम पहिल्यांदाच बजावतात, की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. सार्वजनिक सेवेची निकड असेल तर ती नाकारता येईल किंवा रद्दही करता येईल. वाचून कुणालाही वाटेल, की झाले, सगळेच साहेबांच्या हाती. पण थोडे पुढे वाचले तर दुसरी बाजू दिसते. रजेवरच्या कर्मचाऱ्याला मुदतीआधी परत बोलावले, तर तो कामाच्या ठिकाणी यायला निघाला त्या दिवसापासून कामावर हजर धरला जातो आणि त्या प्रवासाचा भत्ताही त्याला मिळतो. परदेशी असेल तर परतीच्या प्रवासाचा खर्च सरकारचा. म्हणजे नियम असे सांगतो : बोलवायचे तर बोलवा, पण त्याची किंमत मोजा. बोलावण्याला किंमत असली की बोलावणारा दोनदा विचार करतो. खासगी कचेरीतला 'जरा येऊन जाल का' सर्रास वापरला जातो, कारण तो बोलवणाऱ्याला फुकट पडतो.

मग बिल कुणाच्या नावाने?

फुकट काहीच नसते. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी होते. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाड्यांचा कोटा खिडकी उघडताच संपतो. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी सकाळी आठच्या ठोक्याला संगणकासमोर बसून ती तिकिटे मिळवलेली असतात. नवरा-बायको दोघे नोकरी करणारी असतील, तर दोन कचेऱ्या, मुलांची शाळा, आजीचे डॉक्टर, गावाकडचा नवस अशी पाच-सहा टोके जुळवून एक आठवडा काढलेला असतो. त्यातले एक टोक सुटले की सगळे घरंगळते. तिकिटाचे काही पैसे तरी परत येतात. बायकोने तिच्या साहेबांशी हुज्जत घालून मिळवलेली रजा परत येत नाही. ती एकटी मुलांना घेऊन जाते, किंवा मग कुणीच जात नाही.

मुलांचे काय होते, हे सांगायला तज्ज्ञ नको. पहिल्यांदा ती रडतात. दुसऱ्यांदा रुसतात. तिसऱ्यांदा बाबा म्हणतात, "या मेमध्ये आपण महाबळेश्वरला जाऊ," तेव्हा ती नुसती "बरं" म्हणतात आणि पुस्तकात डोके घालतात. या 'बरं'ची आपल्याला खरी भीती वाटायला हवी. गावाकडे म्हातारे आई-वडील मात्र काहीच म्हणत नाहीत. "असू दे बाळा, नोकरी आधी," एवढेच म्हणतात. आणि चार दिवस आधी पाणी घालून स्वच्छ केलेले अंगण बघत बसतात.

बाईच्या रजेची कथा आणखी निराळी आहे. नोकरी करणाऱ्या बाईने रजा घ्यायची ती बहुधा स्वतःसाठी नसतेच. मुलाची परीक्षा, सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, घरातले मंगलकार्य, दिवाळीची साफसफाई. तिला फोन येतो तो असा : "मॅडम, तुम्ही घरीच आहात ना?" हा प्रश्न म्हणजेच उत्तर. घरी आहात म्हणजे मोकळ्या आहात, हे गृहीत धरलेले. पुरुष निदान "मी गावी आहे" असे सांगू शकतो. गॅसवर कुकर, दारात डॉक्टर आणि हातात मुलाचे गणिताचे पुस्तक असलेल्या बाईने काय सांगावे? तिची रजा तर कचेरीतून सुटून दुसऱ्या ड्यूटीवर रुजू होण्यापुरतीच होती. तिथूनही तिला बोलावले, तर दोन्ही ठिकाणची कामे अर्धवट आणि दोन्हीकडची बोलणी मात्र पुरेपूर.

'तुमच्यावाचून अडतंय हो!'

मग माणसे जातात तरी का? भीती हे एक कारण उघड आहे. गोपनीय अहवाल, बढती, वार्षिक वाढ ही सगळी साहेबांच्या पेनात असते. कंत्राटावर असलेल्याला तर करार पुढे चालू राहील की नाही याचीच धास्ती. त्याला 'ताठ कण्याने वागा' असा उपदेश घरबसल्या करणे सोपे आहे.

पण दुसरेही एक कारण आहे, आणि ते आपण फारसे कबूल करत नाही. "तुमच्यावाचून अडतंय हो!" हे ऐकायला आपल्याला आवडते. घरी चरफडत निघालेला माणूस कचेरीच्या पायऱ्या चढेपर्यंत जरा फुगलेला असतो. चार लोक विचारतात, फाइल कुठे आहे, पासवर्ड काय आहे, त्या पार्टीशी काय बोलणे झाले होते. तो एकेक गाठ सोडवतो आणि घरी येऊन ऐटीत सांगतो, "माझ्याशिवाय तिथे पान हलत नाही." बायको ऐकून घेते. तिच्या मनात वेगळाच प्रश्न असतो : पान हलत नाही ही तुमची थोरवी, की त्या कचेरीची दुर्दशा?

तिचा प्रश्न बरोबर आहे, हे आपल्या रिझर्व्ह बँकेनेही मानले आहे. बँकांमध्ये खजिना, रोख रकमेचे भांडार अशा नाजूक जागांवर बसलेल्या माणसांना वर्षातून एकदा किमान दहा कामकाजाचे दिवस सलग रजेवर पाठवावे, आणि तेही अचानक, असे तिने जुलै २०२१ च्या परिपत्रकात सांगितले. त्या दहा दिवसांत अंतर्गत ई-मेल सोडून कामाशी संबंधित कशालाही त्या माणसाने हात लावायचा नाही. यामागे कर्मचाऱ्याच्या आरोग्याची काळजी आहे असे नाही. माणूस खुर्चीवरून उठला, दुसरा बसला, की दडलेल्या भानगडी उघड्या पडतात, हा जगभरच्या बँकांचा अनुभव. फ्रान्सच्या सोसिएते जनराल या बँकेत जानेवारी २००८ मध्ये एका दलालाच्या व्यवहारांमुळे सुमारे ४९० कोटी युरोंचे नुकसान उघडकीस आले. तो दलाल रजा घ्यायला टाळाटाळ करत असे, हे नंतर पुढे आले.

सगळ्याच कचेऱ्यांत भानगडी नसतात. पण नियमाचे तत्त्व सगळीकडे लागू पडते. दहा दिवस एक माणूस नसेल तर जिथे काम ठप्प होते, तिथे दोष जाणाऱ्याचा नाही, मांडणीचा आहे. आज तो महाबळेश्वरला गेला म्हणून बोलावता आले. उद्या त्याला अपेंडिक्सचे दुखणे झाले, किंवा त्याने सरळ दुसरी नोकरी धरली, तर कुणाला बोलावणार?

साहेबांचीही बाजू आहे, ती सांगायला हवी. बहुतेक साहेबांच्या डोक्यावर दुसरा साहेब असतो. माणसे कमी केलेली असतात, चौघांचे काम दोघांवर आलेले असते, आणि वरून फोन आला की तो खाली ढकलण्यापलीकडे त्यांना उपाय सुचत नाही. पण जो साहेब जागा रिकामी ठेवून बचत दाखवतो आणि तूट रजेवरच्या माणसाच्या घरातून भरून काढतो, त्याने ती बचत आपली म्हणून मिरवू नये.

खरी निकड

अर्थात काही बोलावणी खरी असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रुग्णालये, पोलीस, वीज, पालिका यांच्या माणसांना 'मी रजेवर आहे' म्हणण्याची मुभा नव्हती. गणपतीत पोलिसांच्या रजा बंदोबस्तासाठी बंद होतात. आपण ज्या जादा एस. टी. गाडीने गावी जातो तिच्या चालक-वाहकांना सणाच्या दिवशी घरी राहता येत नाही. आपली सुट्टी ही नेहमीच दुसऱ्या कुणाची तरी ड्यूटी असते. म्हणून तर 'निकड' हा शब्द जपून वापरायला हवा. ज्याने तिमाही तक्ता वेळेत मागितला नाही अशा अधिकाऱ्याची घाई आणि पुराच्या पाण्यात अडकलेल्या माणसाची हाक, या दोन्हींना एकाच नावाने हाक मारणे बरे नव्हे.

जगात याचा विचार चालू आहे. जर्मनीत एका कर्मचाऱ्याकडून 'गरज पडली तर रजेतून परत येईन' असे आधीच कबूल करून घेतले होते. २००० साली तिथल्या केंद्रीय श्रम न्यायालयाने ते कबूलनामे निरर्थक ठरवले. परत बोलावले जाईल या टांगणीला लावलेली रजा ही रजाच नव्हे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आला आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचे खासगी विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. १९७० नंतर आपल्या संसदेत एकही खासगी विधेयक कायदा होऊ शकलेले नाही, हे पाहता त्यावर विसंबून पुढच्या मेची तिकिटे काढण्यात अर्थ नाही.

तोवर काय करावे?

तोवर काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. रजेवर जाण्याच्या चार दिवस आधी एका कागदावर लिहावे : कोणते काम कुठवर आले, कोणती फाइल कुठल्या कपाटात, आपल्या मागे कुणाला विचारायचे. तो कागद साहेबांना आणि त्या सहकाऱ्याला द्यावा. त्याची रजा येईल तेव्हा आपण त्याची जागा सांभाळावी. कचेरीतली ही उसनवारी कुठल्याही कायद्याहून जास्त उपयोगी पडते.

तरीही फोन आलाच, तर लगेच "येतो" म्हणू नये आणि लगेच भांडूही नये. नेमके काय अडले आहे ते शांतपणे विचारावे. दहांपैकी बऱ्याच वेळा ते पाच मिनिटांत फोनवरच सुटते. "साहेब, तो तक्ता दुसऱ्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहे, मी त्यांना समजावून सांगतो," एवढ्याने भागते. जाणे खरेच भाग असेल, तर हे दिवस रजेच्या खात्यात परत जमा होतील का आणि खर्चाचे काय, हे नम्रपणे पण त्याच वेळी विचारावे आणि दोन ओळी लिहून घ्याव्यात. लिहून मागितले की बरीचशी निकड आपोआप ओसरते. आणि घरात हा निर्णय एकट्याने घेऊ नये. ज्यांचे दिवस जाणार आहेत त्यांना निदान विचारावे.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रजेतल्या जास्तीत जास्त ३०० दिवसांचे पैसे मिळतात. अनेकजण हा आकडा अभिमानाने सांगतात. पैसे उपयोगी पडतात, यात शंका नाही. पण तीनशे दिवस म्हणजे जवळजवळ दहा महिने. त्या दिवसांत लेकीची पहिली सायकल होती, आईच्या हातच्या आंबोळ्या होत्या, बायकोबरोबर पाहायचे राहून गेलेले समुद्र होते. त्यांचा हिशेब कुठल्या लेखाविभागात होत नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भाषणे होतात. "यांच्यावाचून आमचे कसे होणार," असे साहेब गहिवरून म्हणतात. सोमवारी त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलेला असतो, आणि काम चालू असते. ते तेव्हा चालू शकते, तर आपण आठ दिवस गावी गेलो तेव्हाही चालू शकले असते. घरी मात्र आपल्या खुर्चीवर बसायला दुसरा कुणी येत नाही.